संकटाची तरतूद म्हणजे अविश्वास काय?

"महाराज, जे व्हायचे ते चुकत नाही. मग संकट यायच्या आधीच त्याची तयारी करीत बसणे हा देवावरचा अविश्वास नव्हे काय?" आमच्या कामतघरात ही शंका कीर्तनानंतर पुष्कळदा निघते. विचारणारा नास्तिक नसतो, चांगला माळकरी असतो. म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. तिचा नीट विचार केला पाहिजे.

आमच्या भिवंडीत ही शंका नुसती पोथीतली नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात ठाणे जिल्ह्याची दैना झाली आणि कामवारीचे पाणी भिवंडीच्या सखल वस्तीत शिरले. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, माणसे झोपेत असताना, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास जीव गेले, त्यांत लहान मुले कितीतरी होती. पुढे 29 एप्रिल 2023 रोजी तालुक्यातील वळपाड्याला गोदामाची इमारत बसली आणि आठ माणसे गेली. तेव्हा ना पाऊस होता, ना रात्र. भर दुपार होती. हे सारे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे, सज्जनहो. तेव्हा शंकेचे उत्तरही या ढिगाऱ्यांकडे पाहूनच द्यायला हवे.

पूर्वपक्ष पहिला प्रारब्धाचा. शास्त्राने कर्माचे तीन प्रकार सांगितले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. लोक प्रारब्धाचे नाव घेतात आणि क्रियमाण सोयीने विसरतात. प्रारब्ध काय होते हे भोग भोगल्यावर कळते. त्याआधी ते कोणालाच ठाऊक नसते. जे ठाऊकच नाही त्याच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसणे याला निष्ठा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. किल्लारीचे पाहा. 30 सप्टेंबर 1993 ला, आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप माणसाच्या हातचा नव्हता, कबूल. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, हे बांधकाम माणसाचेच होते. त्या भागात 1992 पासून लहान धक्के जाणवत होते. धरणीचे हलणे दैवाकडे घाला. पण घर कसे बांधावे आणि धक्के जाणवू लागल्यावर काय करावे, हा क्रियमाणाचा प्रांत आहे. दोहोंची सरमिसळ केली की दैवाच्या माथी माणसाचे पाप बसते.

आणि बरं का, आषाढीला निघणारा वारकरी कधी रित्या हाताने निघतो का? अंगावर घ्यायला कागद असतो, पडशीत चार औषधाच्या गोळ्या असतात, दिंडीबरोबर पाण्याचा टँकर असतो. त्याला पांडुरंगावर विश्वास नाही असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. "अभद्र बोलू नये. संकटाचे नाव काढले की ते येते." ही भीती मायेपोटी असते, म्हणून तिच्यावर रागवू नये. पण सप्ताहाचा मांडव घालताना आपण विजेची तार तपासून घेतोच ना? स्वयंपाकाच्या भट्टीपासून मांडवाचे कापड दूर ठेवतोच ना? ते करताना आगीचे नाव निघते, म्हणून आग लागत नाही. अभद्र आहे ते न बोलणे. जिन्याला तडा गेलेला सगळ्या चाळीला दिसतो आणि तोंडातून कोणी काढीत नाही, हे अभद्र.

तिसरा आक्षेप आजच्या माणसाचा. "हे काम पालिकेचे, सरकारचे." यात तथ्य आहे आणि ते सोडता कामा नये. 2005 साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि आराखडा करावा लागतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्यास आहे. ज्या सुदुंबऱ्यास संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, त्याच गावी. या दलाची माणसे जिवावर उदार होऊन काम करतात. पण कोठलेही दल झाले तरी वाट चालूनच येणार. पटेल कंपाऊंडमध्ये पहिली माणसे ढिगाऱ्यातून कोणी काढली? शेजाऱ्यांनी, नुसत्या हातांनी. पहिली घटका शेजाऱ्याचीच असते. तेव्हा सरकारकडे हक्काने मागावे आणि आपल्या घटकेची तयारी आपण करावी. एकाने दुसरे सुटत नाही.

इथे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार उघडून लोकांना जगवले असे परंपरा सांगते. आपण कीर्तनात त्यांच्या दयेचे वर्णन करतो आणि ते योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोठार उघडले तेव्हा त्यात धान्य होते! पिकल्या सालात ते कोणीतरी मापले, वाळवले, किडीपासून राखले. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. ते धान्य नसते तर पंतांच्या दयेने काय वाटले असते? दया ऐन वेळी उपजते. तिने द्यायचे काय, ते आधी साठवावे लागते.

आता मुख्य मुद्दा. लहानपणी संस्कृत शिकताना हितोपदेशातील तीन माशांची कथा आम्ही घोकली. एका तळ्यात तीन मासे होते. कोळी दुसऱ्या दिवशी येणार असे कळताच अनागतविधाता, म्हणजे पुढचे आधी पाहणारा, दुसऱ्या जलाशयात निघून गेला. प्रत्युत्पन्नमतीने जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग केले आणि सुटला. यद्भविष्य, "होईल ते होईल" म्हणणारा, मारला गेला. गुरुजी तात्पर्य सांगत: अनागतविधाता व्हा. आज वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठी उभे राहिले की ही कथा आठवते, आणि वाटते की या तात्पर्यात काही उरले आहे.

आपण दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी ऐकतो. 'सी-1' म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची. नोटीस लागते. तरी माणसे राहतात. मग इमारत पडली की आपण म्हणतो, "सांगितले होते, ऐकले नाहीत." म्हणजे त्यांना यद्भविष्य ठरवून मोकळे होतो. पण अहो, जरा त्या खोलीत जाऊन विचारा. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस. खोली सोडली की भाडेकरूचा हक्क जाईल ही धास्ती. दुसरीकडे अनामत रक्कम मागतात, ती नाही. मुलांची शाळा इथे, काम इथे. कथेतल्या माशाला दुसरे तळे होते आणि तिथवर जायला वाट होती. याला तळेही नाही, वाटही नाही. संकट त्याला दिसत नाही असे नाही. तुमच्याआमच्यापेक्षा स्पष्ट दिसते, कारण तडा त्याच्या उशाशी आहे. त्याला यद्भविष्य म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून दूरदृष्टीचा धर्म स्वतःपुरता निघून गेल्याने पुरा होत नाही. ज्याला वाट आहे त्याने, ज्याला नाही त्याच्यासाठी वाट करून ठेवावी, तेव्हा तो पुरा होतो. इमारत रिकामी करा असे सांगणाऱ्याने कुठे जायचे हेही सांगावे, परत येण्याचा हक्क कागदावर लिहून द्यावा. ते मिळेपर्यंत गावाने त्याच्या बाजूने बोलावे. नुसती नोटीस चिकटवणे म्हणजे बंद तळ्यातल्या माशाला "पळ" म्हणणे होय.

आणि आपण, भजनी मंडळींनी काय करावे? आपल्याला हे काम परके नाही. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. कोणाचा पहारा केव्हा, कोणी कोणाच्या हातून घ्यायचा, हे आधी ठरलेले असते. एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हेही ठरलेले असते. हीच शिस्त गल्लीला लावायची. कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोण रातपाळी करून दिवसा झोपतो, याची वही करावी. त्यांना उचलून आणायला कोण जाणार, त्याचे नाव समोर लिहावे. देवळाच्या सभामंडपाची किल्ली एकाकडेच नसावी. पंगतीची मोठी पातेली, सतरंज्या, कंदील कुठे आहेत ते चौघांना ठाऊक असावे. 112 आणि 108 हे आकडे पोरांच्या तोंडी असावेत. आणि देवळाच्या भोंग्यावरून सांगायचे ते मराठीबरोबर तेलुगूत, हिंदीत आणि उर्दूतही सांगणारा कोणी ठरवून ठेवावा. आपले शेजारी पद्मशाली आहेत, उत्तरेकडचे आहेत, मुसलमान आहेत. पाणी चढू लागले की ते कोणाची भाषा विचारीत नाही.

यावर शेवटची शंका निघेल: इतके करूनही माणसे गेली तर? जातील. सगळे संकट टाळता येईल असे म्हणणे हा अहंकारच. त्या वेळी प्रारब्ध म्हणावे आणि डोळे पुसावे. पण तो शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याने आपला पहारा दिला त्यालाच आहे. ज्याने वहीच केली नाही, किल्ली शोधलीच नाही, त्याने दैवाचे नाव घेऊ नये.

असो. पावसाळ्यापूर्वीच्या एका एकादशीला हरिपाठ झाल्यावर मंडळींनी अर्धा तास बसावे आणि ती वही सुरू करावी. पहिले नाव सर्वांत मोडक्या घरातले असावे.