शाळेंत शील शिकवितां येतें काय ?

गेल्या वैशाखांत दिंडोरी तालुक्यांतील एका लहानशा मंडळींत उपासना चालविण्यासाठीं मी गेलों होतों. उपासना आटोपून लोक पांगले, तरी एक गृहस्थ प्रार्थनामंदिराच्या पायरीपाशीं घोटाळत उभे राहिले. द्राक्षांच्या मळ्यांत मजुरी करणारा हा मनुष्य. दोन शेळ्या विकून त्यानें मुलाच्या फीची तजवीज केली होती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, पोराला नासिकला मिशनच्या शाळेत घालतोय. अभ्यासाचं त्याचं तो बघंल. पन तिथं त्याला वळण लागंल का ?" मीं उत्तर दिलें, "दादा, देवाची इच्छा असेल तर लागेल." उत्तर धार्मिक दिसतें खरें, परंतु तें उत्तर नव्हतें, ती पळवाट होती. एस.टी.त बसल्यावर मला त्याची लाज वाटूं लागली. ती कां वाटली हें पुढें सांगेनच. आधीं प्रश्नाचा विचार करूं.

मूल्यशिक्षण हा शब्द आतां आपल्या महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता इत्यादि दहा मूल्यें शाळेच्या भिंतीवर रंगविलेलीं आपण पाहतों. परिपाठाच्या वेळीं मुलें तीं म्हणूनही दाखवितात. तिकडे इंग्लंडांतील प्रस्थापित मंडळीच्या चार हजारांहून अधिक शाळा आहेत. तिनेंही २०१६ सालीं आपल्या शाळांपुढें ज्ञान, आशा, सहजीवन आणि मनुष्याची प्रतिष्ठा हीं चार ध्येयें ठेविलीं. यांत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु मूल्य या शब्दाला आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत हें विसरतां येत नाहीं. एक अर्थ भिंतीवरचा. दुसरा बाजारांतला, म्हणजे किंमत. आमच्या नासिकांत एके काळीं अशी एक शाळा होती कीं जिच्यांतील मुलांना दुसरा अर्थ पहिल्याच्या आधीं कळला होता. वरील प्रश्नाचा विचार करावयास याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

चर्च मिशनरी सोसायटीनें, म्हणजे त्याच इंग्लंडच्या मंडळीच्या मिशननें, नासिकांत १८३२ सालीं काम सुरू केलें. पुढें १८५४ च्या सुमारास रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं शहराच्या पश्चिमेस एक वस्ती वसविली व तिला शरणपूर असें नांव पडलें. आज शरणपूर रोडवर मोटारींची आणि दुकानांची इतकी दाटी आहे कीं या नांवाचा अर्थ कोणाच्या मनांत येत नसेल. पण तें खरोखरच शरण आलेल्यांचें गांव होतें. हिंदी महासागरांतून गलबतांत कोंबून विकावयास नेलीं जाणारीं आफ्रिकन मुलें ब्रिटिश आरमार सोडवून मुंबईस आणी, आणि त्यांतील कित्येक या शरणपुरास पाठविलीं जात. तेथें तीं लिहावयास, वाचावयास, सुतारकी व लोहारकी करावयास शिकलीं. बाजारांत ज्यांचें मोल ठरलें होतें, अशा मुलांना सांगण्यांत आलें कीं, तुमचें मोल कोणालाही करतां येत नाहीं.

त्या मुलांची पुढील हकीगत मात्र मिशनच्या अहवालांना शोभेल इतकी सरळ नाहीं. डॉ. लिव्हिंग्स्टन १८६५ सालीं मुंबईस आला असतां त्याला आफ्रिकेच्या अंतर्भागांत जाण्यासाठीं विश्वासू माणसें पाहिजे होतीं. नासिकच्या शाळेंतील नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. प्रवासाला थोडेच दिवस झाले नाहींत तोंच त्यांच्या आळसाविषयीं त्यानें आपल्या रोजनिशींत कडू तक्रारी लिहिल्या. कोणी वाटेंत मेला, बहुतेकांनीं मध्येंच त्याची साथ सोडली. अखेरपर्यंत टिकलेल्यांत एडवर्ड गार्डनर याचें नांव येतें. त्यांना दोष देणें आपणांस सोपें आहे. ज्याला लहानपणीं जुलमानें ओढीत नेलें, त्याला दुसऱ्याच्या ओझ्यामागून वर्षानुवर्षें रानांत चालण्याचा कंटाळा आला तर तो केवळ आळस म्हणावा काय ? तरी गोष्ट खरी ती खरीच. शाळा एक, धडे तेच, प्रार्थना त्याच, आणि फळ असें निघालें.

पुढें १८७२ सालीं आणखी सहा नासिककर तरुण त्या प्रवाशाच्या मदतीस पाठविण्यांत आले. त्यांत जेकब वेनराइट हा होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्या वेळीं तेथें एकही गोरा मनुष्य नव्हता. कोणी पाहणारा नाहीं, कोणी जाब विचारणारा नाहीं. पेट्यांत चीजवस्तु होती. अशा प्रसंगीं त्या लोकांनीं सर्वांस बोलावून सर्वांच्या डोळ्यांदेखत पेट्या उघडल्या, आणि आंत काय आहे तें जेकबनें एकेक करून लिहून काढलें, म्हणजे पुढें कोणाला कोणावर आळ घेतां येऊं नये. लिव्हिंग्स्टनचें हृदय त्यांनीं एका झाडाखालीं पुरलें. अंत्यविधीची प्रार्थना जेकबनें वाचली व झाडाच्या खोडावर मृताचें नांव कोरलें. नंतर तें प्रेत उन्हांत वाळवून त्यांनीं खांद्यावर घेतलें, आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारें हजार मैल नेलें. वाटेंत लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. त्यानें प्रेत तेथेंच पुरावें असा सल्ला दिला, पण त्यांनीं तो ऐकला नाहीं. १८७४ च्या फेब्रुवारींत ते किनाऱ्यास पोहोंचले, आणि १८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला तेव्हां शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट हा होता.

ही कथा आमच्याकडे सांगावयाची म्हटली कीं, वक्ता छाती फुगवून म्हणतो, पाहा आमच्या नासिकच्या शाळेचें फळ ! मीही तसें म्हटलें आहे. पण थोडें थांबूं या. त्या लोकांचे खरे पुढारी सुसी व चूमा हे होते, आणि ते शरणपूरचे नव्हत. चूमा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत कांहीं काळ होता. सुसी तर लिव्हिंग्स्टनच्या बोटीवर मोलानें कामास लागलेला मनुष्य. त्याला परिपाठ कोणी शिकविला नव्हता. मग निष्ठा त्याच्या ठायीं कोठून आली ? आईबापांपासून, जातभाईंपासून, ज्याच्याबरोबर वर्षें काढलीं त्या मनुष्यापासून, आणि जो देव शाळेच्या दाराबाहेरही काम करितो त्याच्यापासून, असेंच म्हणावें लागतें. शाळेनें काय दिलें, तर ती यादी दिली. एकानें मनांत प्रामाणिक असणें वेगळें, आणि साठसत्तर माणसांचा प्रामाणिकपणा कागदावर लिहून उजेडांत ठेवणें वेगळें. दुसरें काम शाळेवांचून झालें नसतें. हें थोडें नाहीं. परंतु आपण फुगवून सांगतों तितकेंही नाहीं.

शाळेनें घेतलें काय, हेंही विचारावयास पाहिजे. जेकब वेनराइट, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग हीं नांवें ऐका. आफ्रिकेंत जन्मलेल्या मुलांना मिशनऱ्यांचीं व परदेशीयांचीं नांवें मिळालीं. आईनें ठेविलेलें नांव त्या मुलाला पुन्हां कोणी विचारलें असेल काय ? मनुष्याची प्रतिष्ठा शिकविणाऱ्या शाळेनें मनुष्याचें नांव इतक्या सहज बदलावें, यांत तिला त्या वेळीं कांहींच खटकलें नाहीं. आपल्याही शाळांत आज काय काय असें चाललें असेल कीं जें आपल्या नातवांना खटकेल !

आतां या कथेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जो सभेंत सहसा कोणी सांगत नाहीं, त्याकडे वळूं. गुलामगिरींतून सुटलेल्यांसाठीं प्राइससाहेबांनीं १८७५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेंत मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसविलें, आणि नासिकचे बरेच आफ्रिकन ख्रिस्ती तिकडे गेले. त्या वस्तींत, सुटलेल्या लोकांच्या त्या गांवांत, मिशनच्याच एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून लोकांना फटके मारण्यांत येत. बभ्रा झाला, १८८१ सालीं सरकारी वकिलातीनें चौकशी केली, आणि वृद्ध होत चाललेल्या प्राइस यांना पुन्हां तेथें जावें लागलें.

तेथून जवळच रबाई येथें विल्यम जोन्स हा नासिकचा विद्यार्थी काम करीत होता. तो १८६४ पासून त्या किनाऱ्यावर होता. १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं त्याला व इश्माएल सेमलर या दुसऱ्या नासिककराला दीक्षा दिली. धन्याकडून पळालेले गुलाम रबाईस येऊं लागले. मिशनची ताकीद अशी कीं, अशांना आश्रय देऊं नये. ही ताकीद केवळ भ्याडपणाची होती असें मी म्हणणार नाहीं. सुलतानाच्या राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती, आणि संतापलेले धनी हत्यारें घेऊन वस्तीवर येण्याची धमकी देत. एका माणसाला आसरा दिल्यानें शंभरांच्या जिवावर बेतेल, ही भीति खरी होती. तरी पळून आलेलीं माणसें रबाईंत राहत गेलीं, वाढत गेलीं. १८८८ सालीं तीं बाहेर काढण्याचा प्रसंग आला तेव्हां त्यांची संख्या चौदाशेंच्या घरांत होती. अखेर ईस्ट आफ्रिका कंपनीच्या अधिकाऱ्यानें मध्यें पडून धन्यांस पैसे चुकते केले, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं त्या सर्वांस स्वातंत्र्याचे कागद मिळाले. पुन्हां किंमत मोजावी लागली. परंतु दार लोटून न घेणारा मनुष्य तेथें नसता तर किंमत मोजण्याचीही वेळ आली नसती.

त्या मनुष्यानें नवीन असें काय केलें ? शरणपूर या नांवाचा अर्थ त्यानें खरा मानला, एवढेंच. जो धडा लहानपणीं त्याला दिला तोच त्यानें, धडा देणाऱ्यांना तो गैरसोयीचा झाला तेव्हां, सोडला नाहीं. येथें मला माझ्या प्रश्नाचें थोडेंसें उत्तर दिसतें. शील हें गणितासारखें शिकवून देतां येत नाहीं. एकाच वर्गांतून पळून जाणारा आणि प्रेत वाहणारा दोघेही निघतात. पण जी शाळा मूल्यें शिकविते ती मुलाच्या हातीं एक मापटें देते, आणि पहिलें धान्य तो शाळेच्याच कणगींतलें मोजतो. तेव्हां शाळा काय करिते ? मापटें काढून घेते, कीं मोजूं देते ? वळण लागतें कीं नाहीं याचा निकाल बहुधा त्या क्षणीं होतो, आणि तो मुलाच्या नव्हे तर वडील माणसांच्या वागण्यानें होतो.

त्या गृहस्थापुढें मला पळवाट कां काढावी लागली तें आतां सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका शाळेच्या समितीवर होतों. तिचें नांव नको. सातवींतल्या एका मुलानें "खरें बोलणें" या विषयावर निबंध लिहिला. त्यांत असें होतें कीं, तपासणीच्या दिवशीं दुसऱ्या शाळेंतील मुलें आणून आमच्या वर्गांत बसवितात, आणि आम्हांला त्यांचीं खोटीं नांवें पाठ करावयास लावितात. निबंध समितीपुढें आला. गोष्ट खोटी आहे असें कोणीही म्हटलें नाहीं. मुलाच्या बापास बोलावून समज द्यावी, एवढें ठरलें. भिंतीवर दहा मूल्यें सुबक अक्षरांत रंगविलेलीं होतीं, आणि मी चहाच्या कपाकडे पाहत बसलों होतों. नंतर प्रार्थना करून सभा विसर्जन करण्यास मलाच सांगण्यांत आलें, व मीं ती केली.

पावसाळ्याच्या तोंडीं मी पुन्हां त्या खेड्यास गेलों, तेव्हां त्या गृहस्थाला बाजूला घेऊन हें सर्व सांगितलें. शरणपूरचें सांगितलें, निबंधाचें सांगितलें, माझ्या गप्प बसण्याचें सांगितलें. शाळेंत घालावें कीं न घालावें हें मीं त्याला सांगितलें नाहीं, आणि त्यानेंही विचारलें नाहीं. बराच वेळ तो पायरीवर नखानें रेघा ओढीत बसला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, त्या निबंधवाल्या पोराचं पुढं काय झालं ?"

पुढच्या जूनमध्यें तो मुलगा शाळेंत आला नाहीं, एवढें मला ठाऊक होतें. तो कोठें गेला हें मीं कधीं विचारलेंच नव्हतें.