देवाने एलियाचे गाऱ्हाणे दोनदा ऐकले



आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा होरेब पर्वतावरील गुहेच्या तोंडाशी उभा आहे. वादळात, भूकंपात, अग्नीत त्याला देव भेटत नाही. भेटतो तो मंद, हळुवार आवाजात. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण एलिया त्या गुहेत आला कसा? आज घरी गेल्यावर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय सुरुवातीपासून वाचा. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि आपल्याला मरण यावे अशी त्याने देवाकडे याचना केली. आदल्याच अध्यायात ज्याच्या प्रार्थनेने कार्मेल डोंगरावर अग्नी उतरला, तोच हा एलिया!

'तुझा विश्वास कमी पडला,' असे देव त्याला म्हणत नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. मग गुहेपाशी देव विचारतो की तू इथे काय करतोस. एलिया आपले गाऱ्हाणे सांगतो. अग्नी शमल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलिया तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. त्यानंतर त्याला काम देतो आणि सोबतीला अलीशा देतो.

आम्हाला मात्र एकदाही नीट ऐकता आले नव्हते. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असताना एक भगिनी चर्चच्या ऑफिसात येत असत. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने हे सांगत आहोत. त्यांना रात्र रात्र झोप नसे. मुले पाण्याजवळ गेली की छातीत धडधड होई. आम्ही नोव्हेना सांगितली, रोज रोझरी म्हणायला सांगितले, रिट्रीटला पाठवले. सगळे त्यांनी मनापासून केले, आणि मग येणे बंद केले. आम्ही समजलो, बऱ्या झाल्या.

दीड वर्षाने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फादर, तुम्ही मला उत्तर दिलंत, पण ऐकलं नाहीत." मधल्या काळात त्या दर आठवड्याला लोकल पकडून एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जात होत्या. घरी सांगत, दाताच्या डॉक्टरकडे जाते. तिथे बोलता बोलता, कित्येक महिन्यांनी, एक जुनी गोष्ट वर आली. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांच्यावर सोपवलेला धाकटा भाऊ बावखलात बुडाला होता. घरात त्यांना कोणी दोष दिला नाही. पण त्या विषयावर कोणी कधी बोललेही नाही. ते मौनच त्यांनी शिक्षा म्हणून सोसले होते.

आपल्याकडे विचारतात, "पापनिवेदन असताना त्या डॉक्टरला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देऊ या. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते. पण अकरा वर्षांच्या त्या मुलीने पाप केलेच नव्हते. जे पाप नव्हे त्याची क्षमा कशी होणार? पाप आणि अपराधीपणाची जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला क्षमा लागते, दुसरीला उपचार. कृपा मानवी स्वभाव पुसून टाकत नाही, त्याला पूर्णत्व देते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो, तेव्हा देवावरचा विश्वास उडाला असे कोणी म्हणत नाही.

ख्रिस्तसभा पूर्वी या शास्त्राकडे सावधपणे पाहत होती, हे खरे. फ्रॉइड यांनी 1927 साली धर्माला भ्रम ठरवले होते. तरीही पोप बारावे पायस 1953 मध्ये रोम येथे मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे बोलले. त्यांनी नैतिक मर्यादा सांगितल्या, पण दार बंद केले नाही. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंना मेंढपाळकार्यात मानसशास्त्राचा उपयोग करण्यास सांगितले. आणि पोप फ्रान्सिस, ज्यांना 2025 मध्ये प्रभूने आपल्याकडे बोलावले, त्यांनी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात उघडपणे सांगितले की वयाच्या 42 व्या वर्षी ते सुमारे सहा महिने, दर आठवड्याला, एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते आणि त्यांची आपल्याला मदत झाली. पुढे मरणाच्या दारी असताना त्याच बाईंनी आध्यात्मिक संवादासाठी त्यांना फोन केला.

मग आपल्यालाच लाज का वाटावी? "याला ठाण्याला पाठवा," हा विनोद आपण आजही करतो. स्थळ बघताना मुलीला कुठले 'औषध' चालू आहे का, याची कुजबुज करतो. निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे आज आपण बसलो आहोत त्या प्रत्येक बाकावर कोणीतरी असू शकते.

सखोल मानसोपचार ही जादू नव्हे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, मध्येच दुःख वाढल्यासारखेही वाटते. काही आजारांत औषधे आवश्यकच असतात. ती मनाने बंद करू नयेत. उपचार करणाऱ्याचे शिक्षण विचारून घ्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तातडीची गरज असल्यास सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते. प्रार्थना सोडू नका. पण प्रार्थनेच्या नावाखाली डॉक्टर टाळू नका.

आजच्या शुभवर्तमानात पेत्र बुडू लागतो आणि वाचवण्यासाठी हाक मारतो. प्रभू येशू त्याच्या अल्पविश्वासाबद्दल बोलतो, पण केव्हा? आधी ताबडतोब हात पुढे करून त्याला धरतो, मग बोलतो. आम्ही त्या भगिनीला आधी विश्वासाचे शब्द दिले आणि हात द्यायचे राहून गेले. तिने आम्हाला क्षमा केली आहे.

या आठवड्यात एवढेच करू या. शेजारची कोणी दर गुरुवारी कुठे जाते, हे विचारू नये. आणि आपल्याच घरात कोणी जुनेच दुःख पुन्हा सांगू लागले, तर 'हे तू आधी सांगितलंस' असे न म्हणता दुसऱ्यांदा ऐकावे. आपल्या धर्मग्रामात कोणालाही बरे होण्यासाठी खोटे बोलावे लागू नये, ही प्रभूचरणी प्रार्थना.

प्रभूमध्ये तुमचे,
प्रमुख धर्मगुरू