निष्काम सेवा कोणी करायची?

आपण सर्वांनी त्यांना देव म्हटले. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी ५ वाजता थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. भावना खरी होती. पण याच दोन तारखांच्या मध्ये, ८ एप्रिलला, दिल्लीत सफदरजंग रुग्णालयातील दोन महिला डॉक्टरांना गौतम नगरमध्ये मारहाण झाली, ‘तुम्ही रोग पसरवता’ म्हणून. ऑक्टोबरमध्ये हिंदू राव रुग्णालयाच्या डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी संप करावा लागला.

भाषांतर करताना ‘निष्काम सेवा’ हे शब्द माझ्या हातून सतत जातात. फळाची अपेक्षा सोडायची खरी, पण कोणी? सेवा करणाऱ्याने, स्वतःच्या मनाने. सेवा घेणाऱ्याने परस्पर हिशेब माफ करून घेतला, तर ती निष्कामता नव्हे. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना तर पहिल्या वर्षातच शिकवतात की अदत्त वेतन हे देणे आहे, मग टाळ्या कितीही वाजोत.

पगार निदान मोजता येतो. १ मे २०२१ चे काय करायचे? त्या दुपारी दिल्लीच्या बात्रा रुग्णालयात तासाहून अधिक काळ प्राणवायू नव्हता. १२ रुग्ण गेले; त्यांत तिथलेच एक डॉक्टर होते. विचार करून पाहा. उपचार माहीत आहे, हात तयार आहेत आणि टाकी रिकामी आहे. खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेचा काहीच दोष नसतो, तरी तिचे मन जाब तिलाच विचारत राहते. मानसशास्त्रात याला ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून हा शब्द रुळला. हा नुसता थकवा नाही, त्यामुळे रजा घेऊन, झोप काढून तो जात नाही.

अशा वेळी आपण पटकन सांगतो, ‘ध्यान करा, सकारात्मक राहा.’ ध्यानाने मन स्थिरावते, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. पण प्राणवायू वेळेवर पोहोचला नाही, ही काही तिच्या मनाची उणीव नव्हती. शांत राहण्याचे कामही तिच्यावरच सोपवले, तर तिने रडायचे कुठे? देव म्हटल्यावर तेवढी सोयही आपण काढून घेतो.

आपल्या इमारतीत, नात्यात एखादी परिचारिका, एखादा वॉर्डबॉय असेलच. त्यांच्याजवळ जरा बसा. ते त्या दिवसांविषयी बोलले, तर मध्ये न बोलता ऐका. नाही बोलले, तर चहा घेऊन उठा. आणि पगार वेळेवर होतो का, तेही विचारा.