कर्तेपणाचा दावा

जेथे अनेक वादक एकत्र बसतात, पुढे काय वाजवावयाचे हे कोणीही आधी ठरविलेले नसते, आणि तरीही घटकाभराने ऐकणाऱ्यास त्या ध्वनींत एक आकार, एक दिशा, क्वचित एक परिपूर्तीही प्रत्ययास येते, तेथे एक जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो : हे केले कोणी? संगीतशास्त्राला या प्रश्नाचे फारसे अगत्य नाही. स्वर, लय आणि वाद्यांचे गुणधर्म यांचा जमाखर्च मांडून ते मोकळे होते. धर्मविचाराला मात्र तो टाळता येत नाही. कारण कर्माचा कर्ता कोण आणि त्याच्या कर्तेपणाची हद्द कोठवर, या एका प्रश्नावर आपल्याकडील बंध-मोक्षाचा बहुतेक विचार उभा आहे.

नगर जिल्ह्यात बसून हा विचार करण्यास विशेष औचित्य आहे. प्रवरेच्या काठी, नेवाशास, शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास, ज्ञानदेवांनी गीतेचे विवरण केले. सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. आणि ज्या खांबाला टेकून ते सांगितले गेले अशी परंपरेची श्रद्धा आहे, तो पैस खांब आजही तेथे दर्शनास मिळतो. ज्ञानेश्वरीकडे लिखित ग्रंथ म्हणून पाहण्यास आपण इतके सरावलो आहो की, ती मूळची एका सभेत, श्रोत्यांच्या समक्ष व गुरूंच्या सान्निध्यात घडलेली वाणी आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. गीतेचे 700 श्लोक ही तिची ठरलेली चौकट खरी. परंतु त्या चौकटीत जो सुमारे 9,000 ओव्यांचा विस्तार झाला तो श्रोत्यांच्या अवधानाची पुनःपुन्हा याचना करीत, त्यांच्या संतोषाने उत्तेजित होत, आणि विषय लांबला असता निवृत्तिनाथांच्या सूचनेने आवरता घेत झाला, असे ग्रंथाच्या अंतरंगावरूनच दिसते. बोलणारा एक होता. घडविणारे अनेक होते.

याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. भाष्यकारांच्या मते अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे देहात नांदणारा जीव, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणवायूचे व्यापार, आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. या मांडणीतील मर्म असे की, ज्याला आपण कर्ता म्हणतो तो पाचांपैकी एक आहे. पाचांचा मालक नव्हे. आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी अद्याप संस्कारली गेलेली नाही, असा निवाडा गीता लगेच पुढे देते. कर्तेपण सर्वस्वी मिथ्या आहे असे ती येथे म्हणत नाही. एका वाटेकऱ्याने संपूर्ण मिळकतीवर दावा सांगू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

एकत्र आणि उत्स्फूर्त वाजविण्याच्या कलेला ही पंचविध मांडणी जितकी चपखल लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. वादकांची बैठक, तिच्यातील गारठा किंवा उकाडा, पत्र्यावर वाजणारा पाऊस हे अधिष्ठान. वादक हा कर्ता. वाद्ये, बोटे, ओठ आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कान, ही करणे. एकाने टाकलेल्या स्वराला दुसऱ्याने दिलेले उत्तर, तिसऱ्याने केलेला विरोध, चौथ्याने धरलेली माघार, या विविध चेष्टा. आणि यांपैकी कोणाच्याही हिशेबात नसताना जे अकस्मात जुळून येते ते दैव. भाष्यकारांच्या अर्थाहून हा अर्थ मी थोडा ताणला आहे, हे मला मान्य आहे. परंतु तत्त्वाची दिशा बदललेली नाही.

आता या मांडणीची कसोटी जेथे सर्वांत कठोरपणे लागते असे एक उदाहरण घेऊ. दिनांक 21 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्क येथे ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाने आठ वादकांना एकत्र आणून एक ध्वनिमुद्रण केले, आणि त्याला ‘फ्री जॅझ’ असेच नाव दिले. चार-चार वादकांची दोन पथके होती; त्यांतील एकाचा आवाज डाव्या बाजूने व दुसऱ्याचा उजव्या बाजूने ऐकू यावा अशी योजना होती; आणि सुमारे 37 मिनिटांचे हे वादन तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापून राहिले. जॅझ संगीतात स्वरसंगतींचा जो ठराविक आराखडा वादकाच्या पायाखाली असतो, तो येथे काढून घेतला होता. एकाचे वादन मुख्य चालू असता इतरांनी त्यावर आपापल्या वाद्याने हवे तेव्हा भाष्य करावे, अशी मुभा होती. या तबकडीपासून त्या वादनपद्धतीस नावच पडून गेले. पुढे 28 जून 1965 रोजी जॉन कोल्ट्रेन याने स्वतः धरून अकरा वादकांना घेऊन ‘असेन्शन’ वाजविले. आणि तोच कोल्ट्रेन काही महिन्यांपूर्वी आपली एक संपूर्ण रचना परमेश्वरास अर्पण करून चुकला होता, ही गोष्ट धर्मविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

हा प्रवाह आपल्याला अगदीच परका आहे असे मानण्याचे कारण नाही. कोलमनच्या त्या आठ वादकांत डॉन चेरी हा तुतारीच्या जातीचे वाद्य वाजविणारा कलावंत होता. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांनी पुढे त्याच्याबरोबर वादन केले. आणि त्यांच्या 1988 च्या ‘उसफ्रेत’ या ध्वनिमुद्रिकेत डॉन चेरी यांचे वादन व शोभा गुर्टू यांचे गायन ही दोन्ही आहेत. शोभाताई त्रिलोक यांच्या मातोश्री. त्यांचा जन्म बेळगावचा, आणि ठुमरी-दादऱ्याइतकेच मराठी रसिकांनी त्यांच्या मराठी गीतांवरही प्रेम केले.

परंतु या मुक्ततेच्या दाव्याची रुजुवात घेऊ लागलो की एक गोष्ट लगेच नजरेस येते. ‘फ्री जॅझ’मध्येही वादकांचा क्रम ठरलेला होता, आणि एकाचे वादन संपून दुसऱ्याचे सुरू होताना सर्वांनी मिळून वाजवावयाचे लहान तुकडे आधीच योजलेले होते. ‘असेन्शन’मध्येही समूहाचे व एकेकट्याचे वादन आळीपाळीने येते. म्हणजे नियम गेले नव्हते. कमी झाले होते. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की, नियम कमी होताच अहंकारही कमी होतो, असा काही कार्यकारणभाव नाही. उलट, ज्याच्यावरचे सर्व हुकूम उठविले गेले आहेत असा वादक आपलाच आवाज सर्वांत मोठा करून बसण्याची शक्यता अधिक. त्याला अडविणारा दस्तूर उरलेला नसतो. मुक्त वादनाच्या अनेक मैफली ज्या नुसत्या गोंगाटात संपतात, त्यांचे कारण नियमांचा अभाव हे नसून, दाव्यांची गर्दी हे आहे.

याच्या अगदी उलट टोकास आपल्या गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह आहे. नगर जिल्ह्यात त्याचे प्रस्थ मोठे. गोदावरीच्या सराला बेटावरील गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताहास तर आसपासच्या जिल्ह्यांतून लोक लोटतात. पहाटेचा काकडा, दिवसाचे पारायण, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन व त्यानंतरचा जागर, सारे काही बांधलेले. या सर्व काळात वीणा जमिनीस टेकवावयाची नाही, असा दंडक. म्हणून तिचे पहारे नेमलेले असतात, आणि आपला पहारा संपताच वीणेकरी ती पुढच्याच्या गळ्यात घालून निघून जातो. सात दिवस वाजलेली ती वीणा कोणाची, या प्रश्नास गावापाशी उत्तर नसते, आणि कोणाला त्याची गरजही वाटत नाही. येथे कर्तेपणाचे विसर्जन मनुष्याच्या वैराग्यावर सोपविलेले नाही. त्याची तजवीज वहिवाटीनेच करून ठेविली आहे. मात्र या बांधलेल्या चौकटीच्या आत काय चालते हे ज्याने जागरात बसून ऐकले असेल, त्यास ठाऊक आहे की, ध्रुपदावर परत येताना चाल म्हणणारा नवी वळणे घेतो, मृदंगी ती ऐकून ठेका दुगणीत नेतो, टाळकऱ्यांची रांग त्या लयीवर पावली टाकू लागते, आणि हे केव्हा व्हावे याचा इशारा कोणी दिलेला नसतो.

तेव्हा दोन मार्ग दिसतात. एकात चौकट पक्की ठेवून अहंकारास जागाच मिळू द्यावयाची नाही. दुसऱ्यात चौकट मोडून अहंकारास मोकळे रान द्यावयाचे, आणि तो त्या रानात स्वतः होऊन बसतो की काय ते पाहावयाचे. पहिला मार्ग लोकांचा आहे, दुसरा तपस्व्यांचा. यांच्या मधोमध एक तिसरा मार्गही आहे. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने 1964 मध्ये ‘इन सी’ नावाची रचना केली. तीत 53 लहान स्वरवाक्ये ठरवून दिली आहेत, परंतु प्रत्येक वाक्य किती वेळा वाजवावे हे ज्याने त्याने इतरांकडे कान देऊन ठरवावयाचे असते. हेच रायली पुढे किराना परंपरेतील पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. आणि 1971 मध्ये ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने आपल्या एका गाण्यास ‘बाबा ओ’रायली’ असे नाव दिले, तेव्हा त्या नावात रायली यांच्या जोडीस जे ‘बाबा’ आले ते आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा होत.

मेहेरबाबांचा उल्लेख येथे केवळ योगायोगाने आलेला नाही. दिनांक 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 रोजी मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत ते मौनात राहिले. 1954 पर्यंत अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि नंतर केवळ हातवाऱ्यांनी त्यांनी आपला आशय व्यक्त केला. अरणगावाजवळच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे, आणि तेथे देशोदेशीचे भक्त आपापल्या भाषांतून व वाद्यांवर गातात. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सृष्टीचा उगम परमात्म्याच्या एका अकारण लहरीत आहे असा सिद्धांत मांडला आहे; म्हणजे आदिकर्माला पूर्वयोजना नव्हती. परंतु मला येथे त्यांच्या सिद्धांताहून त्यांचे मौन अधिक उपयोगी वाटते. बोलण्याची शक्ती असून जो बोलत नाही, त्याचे न बोलणे ही सभेतील एक क्रियाच असते. इतरांचे बोलणे त्या मौनाभोवती आकार घेते. समूहवादनातही जो वादक हातात वाद्य असून थांबतो, तो बैठकीबाहेर गेलेला नसतो. बैठकीतील विविध चेष्टांपैकी त्याची चेष्टा सर्वांत सूक्ष्म असते, आणि पुष्कळदा सर्वांत निर्णायक.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उत्स्फूर्त म्हणविले जाणारे वादन वस्तुतः उत्स्फूर्त नसतेच. बोटांत मुरलेल्या सवयी तेवढ्या नव्या क्रमाने बाहेर पडतात. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो माझ्या पक्षाचा आहे. सवयी म्हणजे संस्कार. ते वादक ज्याच्यापाशी शिकला त्या गुरूचे, ज्या गावात ऐकले त्या गावाचे, आणि ज्या वाद्यावर हात बसला त्या वाद्याचेही असतात. वादक जितका प्रामाणिकपणे आपल्या उत्स्फूर्ततेची झडती घेईल, तितका त्याचा एकट्याचा वाटा कमी भरेल. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : कर्ता पाचांपैकी एकच असेल, तर चुकीची जबाबदारी कोणाची? मृदंगी लय सोडतो तेव्हा त्याने दैवाकडे बोट दाखवावे काय? याचे उत्तर बैठकच देते. तेथे चूक वाजविणाऱ्यापाशी राहत नाही. शेजारचा तिला उचलून तिच्यातून वाट काढतो, किंवा तिला तशीच टाकून देतो. जबाबदारी नाहीशी होत नाही. ती वाटली जाते, आणि वाटली गेल्यामुळे प्रत्येकावर थोडी अधिकच येते. श्रेय सोडावे आणि जबाबदारी मात्र सोडू नये, अशी ही विषम वाटणी आहे. आणि निष्काम कर्माचा व्यवहारातील अर्थ याहून फारसा वेगळा असेल असे मला वाटत नाही.

यावरून जो निर्णय निघतो तो असा : वादनाची मुक्ती किती नियम मोडले यावर मोजता येत नाही, आणि किती पाळले यावरही नाही, आपला वाटा दुसऱ्याच्या हाती देताना वादकाचा हात किती सैल राहिला, यावर ती मोजावी. या मापाने सप्ताहातील निरक्षर वीणेकरी आणि न्यूयॉर्कचा प्रयोगशील सॅक्सोफोनवादक एकाच पंक्तीस बसतात, आणि दोघांतही उणे ठरणारे पुष्कळ निघतील.

नगर जिल्ह्यात मृदंगी आहेत, टाळकरी आहेत, लग्नांच्या बँडपथकांत क्लॅरिनेट व ट्रम्पेट वाजविणारे तयारीचे लोक आहेत, हार्मोनियम तर प्रत्येक देवळात आहे. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की, वर्षातून एक रात्र त्यांनी एकत्र बसावे. कोणतेही पद, कोणतीही चाल, कोणाचेही पुढारपण आधी ठरवू नये. ज्याला वाजवावेसे वाटेल त्याने वाजवावे आणि ज्याला थांबावेसे वाटेल त्याने निःसंकोच थांबावे. बैठक उठल्यावर कोण चांगले वाजवून गेला याची चर्चा करू नये. आपण दुसऱ्याचे काय ऐकले, एवढेच प्रत्येकाने सांगावे.