पीक कोणाचं, पैसा कोणाचा?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंडा भागात हाताशी आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. काही रानांतली तर मातीही खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आणि रब्बीच्या पेरणीसाठी आणखी 10,000, तीन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे एकरी साधारण साडेसात हजार. बुडालेल्या पिकापुढे ही रक्कम तोकडीच. पण ज्याच्या घरात काहीच उरलेलं नाही, त्याला तिचं मोल फार.

ही रक्कम जमा होते सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात. त्या रानात वर्षभर राबणारा माणूस मात्र पुष्कळदा दुसराच असतो. कोणी बटईने, म्हणजे उत्पन्नाच्या वाट्यावर जमीन करतो, कोणी ठोक्याने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन. बोलणी सगळी तोंडी, कारण लिहून दिलं तर जमिनीला कूळ लागेल, अशी मालकाला धास्ती. त्यामुळे पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभं राहून नुकसान दाखवतो बटईदार, आणि यादीत नाव लागतं मालकाचं. इथे कोणी चोरी केलेली नसते. नियम पाळला जातो आणि तरीही अन्याय होतो.

नीती आयोगाने 2016 मध्ये सुचवलेल्या आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्यात कसणाऱ्यालाही आपत्तीची मदत मिळावी, असा विचार आहे. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कायदा करून कसणाऱ्यांना अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. त्याने मालकी हक्काला धक्का लागत नाही. महाराष्ट्रानेही अशी वाट काढली पाहिजे. पण तोवर थांबायचं कशाला? खात्यात आलेले पैसे योग्य हाती देण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नसते.

हिशेब अवघड नाही. बटईत बी-खताचा खर्च आणि उत्पन्न निम्मं-निम्मं ठरलं असेल, तर पिकाची मदतही निम्मी-निम्मी व्हावी. ठोक्याची रक्कम आधीच घेतली असेल, तर बुडालं ते सगळं कसणाऱ्याचं. मग पिकापोटी आलेली मदतही सगळी त्याचीच. रब्बीची पेरणी जो करणार, बियाण्याचे पैसे त्याचे. जमीन खरडून गेल्याची भरपाई मात्र मालकाने निःसंकोच ठेवावी, कारण ते नुकसान त्याचं आहे. मालकही गरजू असेल, एखादी विधवा किंवा थकलेला म्हातारा असेल, तर दोघांनी एकत्र बसून ठरवावं. पण ठरवावं दोघांनी. एकाने गप्प राहायचं आणि दुसऱ्याने मागायला लाजायचं, असं होऊ नये.

कागद सांगतो जमीन कोणाची. नुकसान कोणाचं, हे मालकाला कागदाशिवायही पक्कं ठाऊक असतं. ज्याला ठाऊक आहे, त्याची जबाबदारी ठाऊक नसलेल्या सरकारपेक्षा मोठी आहे.

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गावाकडची जमीन दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वाचकांना म्हणूनच ही विनंती. मदतीचा मेसेज मोबाइलवर आला असेल, तर आजच तुमच्या बटईदाराला फोन करा. त्याने विचारण्याची वाट पाहू नका.