संज्ञा आणि सीमा

विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात या यज्ञाच्या निमित्ताने जैमिनीने एक विलक्षण शंका उपस्थित केली आहे : यजमान जर सार्वभौम राजा असेल, तर त्याच्या सर्वस्वात पृथ्वीही येते काय? सिद्धान्त असा, की येत नाही. कारण भूमी सर्वांना सारखीच आहे, आणि जे सर्वांचे आहे त्याचे दान एकट्याला करता येत नाही. त्यावर भाष्य करताना शबरस्वामींनी म्हटले आहे, की शेतांचे धनी असलेली माणसे जगात दिसतात, पण अखिल पृथ्वीचा धनी कोठे आढळत नाही. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात आपल्या ‘व्यवहारमयूखा’त हाच धागा पुढे नेला आणि स्पष्ट सांगितले, की मुलूख जिंकणाऱ्या राजाला मिळतो तो कर घेण्याचा अधिकार, जमिनीचे स्वामित्व ज्याचे त्याच्याकडेच राहते.

हा सिद्धान्त मला सदैव उदात्त वाटत आला आहे. पण केवळ त्याच्या बळावर संसार चालत नाही, हेही तितकेच खरे. जमीन हवापाण्याप्रमाणे सर्वांची आहे, हे सूत्र घेऊन विनोबा १९५१ साली पवनारहून पायी दिल्लीस आले आणि राजघाटाजवळ झोपडीत राहून नियोजन मंडळाच्या सदस्यांशी बोलले. परंतु त्यांच्या भूदानालाही अखेर दानपत्र लागले, आणि दानपत्राला जमिनीचा क्रमांक व क्षेत्रफळ. बिहारात ज्या दानपत्रांत हा तपशील नव्हता, त्यांतली कितीतरी जमीन कोणाही भूमिहीनाच्या हाती पोहोचू शकली नाही. भूमी अखंड असली तरी व्यवहार खंडांचाच होतो, आणि खंड म्हणजे काय हे ठरविण्यासाठी शब्दाची सीमा आखावी लागते. जमिनीच्या प्रत्येक कायद्याच्या आरंभी ‘व्याख्या’ या मथळ्याखाली जे कलम असते, आणि जे बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात, त्या कलमात जैमिनीचा प्रश्न आज वास्तव्य करून आहे.

दिल्लीच्या परिसरात हा प्रश्न जितक्या ठळकपणे दिसतो तितका तो क्वचितच अन्यत्र दिसत असेल. १९०८-०९ च्या बंदोबस्तात, म्हणजे दिल्ली राजधानी होण्यापूर्वी आणि पंजाब प्रांताचा एक जिल्हा असताना, प्रत्येक गावाच्या शजऱ्यावर, म्हणजे गावनकाशावर, वस्तीभोवती तांबड्या शाईची एक रेघ ओढण्यात आली. तोच लाल डोरा. रेघेबाहेरच्या शेतांना खसरा क्रमांक मिळाले, त्यांची जमाबंदी झाली, धाऱ्याचे आकडे ठरले. रेघेच्या आतल्या आबादीवर सारा नसल्यामुळे ती सगळी मिळून एकाच क्रमांकाखाली नोंदली गेली, आणि कोणते घर कोणाचे हे लिहून ठेवण्याची सरकारला गरज वाटली नाही. आपल्याकडे पांढरी म्हणजे वस्ती आणि काळी म्हणजे शेतजमीन असा जो भेद पूर्वापार आहे, आणि ज्याची जाण त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ वाचलेल्या कोणालाही असेल, त्याच जातीचा हा भेद होता. महसुली सोयीपलीकडे त्याला अर्थ नव्हता. परंतु राजधानी झाली, शहर पसरले, शेते संपादित झाली, आणि गावे मात्र शहराच्या पोटात तशीच राहिली. मग १९६३ साली या आबादीला इमारतीचे नकाशे मंजूर करून घेण्याच्या नियमातून सूट मिळाली, आणि सारा कोठून घ्यावयाचा नाही एवढेच सांगणारी रेघ आता मजले कोठे चढवावेत आणि कर्ज कोणाला मिळावे हे सांगू लागली. शाहपूर जाट किंवा मुनीरका या गावांतून चालणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या भिंती हाताला लागतील अशा गल्ल्या दिसतात. त्या गल्ल्यांतल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाजवळ त्या घराची मूळ सनद म्हणून दाखविण्याजोगा कागद बहुधा नसतो. असतो तो कबजा, आणि शेजाऱ्यांची मान्यता.

असा मनुष्य त्या घराचा मालक आहे की नाही? हा प्रश्न आधुनिक वाटला तरी तो कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकालात सविस्तर चर्चिला आहे. स्वत्व हे शास्त्राने सांगितले म्हणून निर्माण होते, की लोकव्यवहारात ते आधीच असते? पूर्वपक्ष म्हणतो, की स्वत्व शास्त्रगम्यच मानले पाहिजे, नाहीतर चोरालाही आपल्या हातातील वस्तूचा धनी म्हणावे लागेल. विज्ञानेश्वराचा निर्णय उलट आहे. स्वत्व लौकिक आहे. तांदळाने जशी भूक भागते तशी स्वत्वाने संसारातली कामे होतात. आणि ज्यांनी शास्त्राचे तोंडही पाहिलेले नाही अशा सीमाप्रदेशातल्या लोकांतही खरेदीविक्री चालते, अर्थात् माझे-तुझे त्यांनाही कळते. याउलट यज्ञातला आहवनीय अग्नी केवळ शास्त्रामुळे आहवनीय असतो. लोकव्यवहारात त्याला त्या रूपाने काही काम नाही. नऊ शतकांपूर्वीच्या या विवेचनापुढे मी अनेकदा नतमस्तक झालो आहे, कारण राज्यसत्तेच्या छायेत बसून लिहिणाऱ्या पंडिताने येथे लोकांच्या अनुभवाला राजाज्ञेच्या आणि ग्रंथाच्याही आधीचे स्थान दिले आहे.

मात्र विज्ञानेश्वरापुढे ‘क्षेत्र’ होते, ‘भूखंड’ नव्हता, आणि येथे आपल्याला स्वतः विचार करावा लागतो. भूखंड ही वस्तू माझ्या मते आहवनीयाच्या जातीची आहे. लाकूड संस्कारांनी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, होते, तशी माती रेखांकनाच्या मंजुरीने, रस्त्याच्या ठरावीक रुंदीने, विकासशुल्काच्या भरण्याने आणि अधिकाऱ्याच्या शिक्क्याने भूखंड होते. हे संस्कार झाले नाहीत तर तेवढीच, तीच, तशीच जमीन कायद्याच्या दृष्टीने भूखंड नसते. आपल्या गुंठेवारीचे दुःख हेच आहे : गुंठा आहे, घर आहे, वीजही आली आहे, पण संस्कार झालेला नाही, म्हणून २००१ साली महाराष्ट्राला त्यासाठी निराळा कायदा करावा लागला. आता संस्कार निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. ज्या वस्तीत अग्निशामक गाडी शिरू शकत नाही तेथे रस्त्याच्या रुंदीची व्याख्या जीव वाचविणारी असते. मला खटकते ते एवढेच, की संस्कार करणाराला हळूहळू वाटू लागते, की खालचे लाकूडही आपणच उत्पन्न केले. भूखंड कायदा निर्माण करतो. त्या जागेवर जगलेले आयुष्य, केलेला खर्च, शेजाऱ्यांनी दिलेली मान्यता यांपैकी काहीही तो निर्माण करीत नाही, आणि विज्ञानेश्वर स्वत्वाचा आधार मानीत होता तो अशा लोकव्यवहारालाच.

दिल्लीची वेस ओलांडून गुरुग्राम किंवा फरीदाबादेत गेले, की व्याख्येचे आणखी खोल रूप भेटते. हरियाणाच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र विकास व विनियमनाच्या कायद्यात ‘कॉलनी’ म्हणजे काय हे सांगताना भूखंडांत विभागलेली किंवा विभागण्याचे योजलेली जमीन अशी व्यापक व्याख्या आधी केली आहे, आणि मग तिच्यातून काही विभागण्या वगळल्या आहेत. त्यांत कौटुंबिक वाटणी, वारसा आणि सामाईक खात्याची फाळणी यांचा समावेश आहे, परंतु एका अटीवर : त्या विभागणीमागे नफा मिळविण्याचा हेतू नसावा. ही अट वाचून मी बराच वेळ थांबलो. चार भावांनी बापाच्या मागे एक किल्ला, म्हणजे साधारण एक एकर, दोन-दोन कनालांत वाटून घेतला; शेजारच्या किल्ल्यात दलालाने तेवढेच चार तुकडे पाडून गिऱ्हाइकांना दाखविले. जरीब धरून मोजले तर दोन्हीकडे रेषा सारख्या, बांध सारखे, क्षेत्र सारखे. एक वाटणी आहे आणि दुसरी परवान्यावाचून उभारलेली कॉलनी आहे, हा भेद जमिनीवर कोठेच नाही. तो माणसाच्या संकल्पात आहे. आपल्या धर्मशास्त्राला हे अपरिचित नाही. संकल्पात फलाची कामना आली की तेच कर्म काम्य होते. आणि हातपाय जे करतात त्यावरून नव्हे, मनाने जे धरले त्यावरून कर्माची जात ठरते. परंतु यज्ञात संकल्प यजमान स्वतः उच्चारतो, आणि त्याच्या खरेखोटेपणाचा हिशेब त्याच्या अंतर्यामीशी असतो. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर मात्र दुसऱ्याच्या मनातला हेतू तिसऱ्याने ठरवावयाचा असतो, आणि तिथे प्रामाणिक भाऊ व चतुर दलाल एकाच रांगेत, एकाच तऱ्हेचे कागद घेऊन उभे असतात. हेतूला व्याख्येत स्थान देणाऱ्या कायदेकर्त्याची दृष्टी मी सखोल मानतो. पण हेतू पाहण्याचे सामर्थ्य त्याने कोणाला दिले, हे मला दिसत नाही.

नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. लक्ष्यातले काही बाहेर राहिले तर अव्याप्ती, लक्ष्याबाहेरचे आत आले तर अतिव्याप्ती. गाईचे लक्षण कपिलत्व असे केल्याने पांढरी गाय बाहेर राहिली, तर तर्कात चूक झाली. गाईचे काही बिघडले नाही. जमिनीच्या कायद्यात लक्षणाबाहेर राहते ते माणूस असते, म्हणून तेथे हा दोष नुसता तर्कदोष राहत नाही, तो धर्मदोष होतो. दिल्लीतल्या अनधिकृत वसाहतींच्या रहिवाशांना मालकी हक्क देण्यासाठी संसदेने २०१९ साली कायदा केला. १,७३१ वसाहतींना त्याचा लाभ व्हावयाचा होता, आणि हा कायदा करणे आवश्यकच होते. कारण २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी जात नाही असे ठरविल्यापासून लक्षावधी कुटुंबे अधांतरी होती. त्या कायद्यातली ‘रहिवासी’ ही संज्ञा विक्रीखत किंवा मुखत्यारपत्र, करारनामा, मृत्युपत्र इत्यादी कागदांच्या आधारे प्रत्यक्ष कबजा असलेल्या व्यक्तीला लागू होते, आणि भाडेकरूला ती स्पष्टपणे वगळते. संगम विहारातल्या खोलीत वीस वर्षे राहिलेला भाडेकरू त्या वसाहतीचा रहिवासी नाही. मालकी त्याला देता आली नसती, हे मी मान्य करतो. पण तो तेथे राहतो हे नाकारण्याची गरज नव्हती.

याहून मर्मभेदी उदाहरण लेकीचे आहे. १९५४ च्या दिल्ली भूमिसुधारणा कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने भूमिधराच्या पश्चात पुरुषवंशजांना अग्रक्रम दिला, त्यामुळे मुलगे असताना मुलीला वाटा नव्हता. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा कायद्यांना हात लावला नव्हता. पण तेच गाव महानगरपालिका कायद्याच्या कलम ५०७ खाली अधिसूचनेने ‘नागरी’ ठरले, की १९५४ चा कायदा तेथून निघून जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मग मुलगी वारस होई. बाप तोच, शेत तेच, शेतात अजून मोहरी उभी असेल. आणि ती त्याची मुलगी आहे की नाही हे जणू राजपत्रातील एका शब्दाने ठरावे! २००५ च्या दुरुस्तीने वारसा कायद्यातली ती सवलत काढून टाकली, तोवर एक अख्खी पिढी हात चोळीत बसली होती. एका शब्दाने सगळे ठरण्याचा हा प्रकार आपण अरवली पर्वताच्या बाबतीतही पाहिला. महसुली दप्तरात ‘गैरमुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, म्हणून नोंदलेल्या जमिनी असलेल्या या प्रदेशात, भोवतालच्या पातळीपासून शंभर मीटर उंच असेल तीच अरवली टेकडी, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली आणि २९ डिसेंबर रोजी स्वतःच स्थगित केली. आपल्या शब्दाकडे पुन्हा वळून पाहण्याची ही तयारी मला न्यायबुद्धीचे लक्षण वाटते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या सीमाविवाद प्रकरणात सीमा कोणी सांगावी याची यादी आहे : शेजारचे लोक, वृद्ध, गुराखी, सीमेलगत नांगर धरणारे, रानात वावरणारे. त्यांनी तांबड्या फुलांची माळ आणि तांबडी वस्त्रे धारण करून, मस्तकावर मातीचे ढेकूळ घेऊन सीमा दाखवीत चालावे. आणि खोटे सांगितल्यास राजाने त्यांना दंड करावा. सीमेची व्याख्या करणाराने ती पायांनी चालावी आणि तिचा भार डोक्यावर घ्यावा, ही या विधीतली अपेक्षा मला आजही लागू वाटते. तिची काही आठवण गावठाणातली घरे ड्रोनने मोजणाऱ्या स्वामित्व योजनेत टिकली आहे. २०२० च्या जानेवारीत कर्नाल जिल्ह्यातले सिरसी हे गाव लाल डोऱ्यातून मुक्त झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलात ही योजना जाहीर झाली. ड्रोन उडण्यापूर्वी गावकरी आणि पंचायतीची माणसे घराघराच्या कडेने चुन्याची फक्की ओढतात. शेजारी समोर उभा असतो, आणि रेघ वाकडी गेली तर तिथल्या तिथे बोलतो. हे मला फार समाधानकारक वाटते. परंतु फक्की ओढली जात असताना परगावी सासरी असलेली मुलगी त्या गल्लीत नसते. मसुदा नकाशा गावात लावल्यावर दावे-हरकतींसाठी जी मुदत दिली जाते, तिची खबर चावडीवर चिकटविलेल्या कागदाबरोबरच त्या मुलीच्या सासरच्या पत्त्यावर जावी, आणि घरात राहणाऱ्या भाडेकरूचे नाव, मालकीच्या रकान्यात नसले तरी, वास्तव्याच्या नोंदीत यावे, एवढी तरतूद कोणत्याही राज्याला नवा कायदा न करता, केवळ नियमांत दोन ओळी घालून करता येईल.