गहाळ पाने

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या रुक्ष पठारात कोलोरॅडो नदीने दीड किलोमीटरहून अधिक खोल दरी कोरली आहे. या ग्रँड कॅनियनच्या भिंतींत गाळाच्या खडकांचे थर ग्रंथाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा वाचनाचा नियम १६६९ साली निकोलस स्टेनो यांनी मांडला. पुढे ते धर्मगुरू व बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

परंतु हा ग्रंथ सलग नाही. दरीच्या तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकावर अनेक ठिकाणी थेट ५१ कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म टेकला आहे. मधली जवळजवळ १२० कोटी वर्षे एका रेषेत लुप्त झाली आहेत. त्या काळात काही घडलेच नाही काय? तसे नाही. याच दरीत अन्यत्र कलते होऊन बचावलेले जाड थर साक्ष देतात की, तेथेही गाळ साचला होता; तो झिजून वाहून गेला.

माणसाचा न्याय करताना आपण ही रेषा विसरतो. शेजाऱ्याचा आजचा कडवटपणा दिसतो. त्याआधी झिजून गेलेली माया, सोसलेले दुःख दिसत नाही. म्हणून त्याची चूक ही चूक ठरत नाही, असे नव्हे. जे दिसते ते खरेच असते. मात्र जे दिसत नाही ते नव्हतेच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?